साताऱ्याहून पाषाण: प्रोजेक्टच्या मुलाखतीचा एक दिवस

संख्यात्मक पद्धती (गणितं संगणकावर आकड्यांनी सोडवणं) आणि पॅरलल कम्प्युटिंग (एकच काम अनेक प्रोसेसरांत वाटून करणं) यांतल्या संशोधन प्रोजेक्टवर जागा शोधायची म्हटलं की सातारकरांना सर्वांत सोयीचं ठिकाण पुण्यातलं पाषाण. ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटर बाळगणारी विज्ञान संस्था आयसर तिथे, आणि हवामानाची मॉडेलं चालवणारी आयआयटीएम ही संस्थाही तिथेच.

स्टँडवरून पहाटे साडेपाचच्या आत निघायचं. स्वारगेटची विनाथांबा गाडी सगळ्यांच्या तोंडी असते, पण पुढे पाषाण गाठायला अख्खं पुणं ओलांडावं लागतं. त्यापेक्षा बायपासने मुंबईकडे जाणारी गाडी धरा आणि चांदणी चौकात उतरा, तिथून रिक्षा. मुंबईच्याही काही गाड्या स्वारगेटवरून जातात, म्हणून चढण्याआधी कंडक्टरला विचारा.

मूळ गुणपत्रिका आणि त्यांच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती वेगवेगळ्या ठेवा. गेट परीक्षेचं स्कोअरकार्ड तीनच वर्षं चालतं, तारीख बघून घ्या. पाहुण्यांसाठी नेलेले कंदी पेढे फाइलच्या पिशवीत नकोत, तूप कागदांना लागतं.

खरी परीक्षा फळ्यासमोर. हमखास निघणारा विषय म्हणजे चौकोनी जाळीवरचं पॉयसन समीकरण, म्हणजे उष्णतेसारखी गोष्ट कशी पसरते ते जाळीच्या बिंदूबिंदूवर काढणं. जाळी दोन्ही बाजूंनी दुप्पट बारीक केली की जॅकोबी या फेरीफेरीने उत्तराजवळ जाणाऱ्या साध्या पद्धतीच्या फेऱ्या साधारण चौपट होतात, कॉन्ज्युगेट ग्रेडियंट या अधिक वेगवान पद्धतीच्या दुप्पट. हे कंडिशन नंबरवरून (समीकरणं सोडवायला किती अवघड ते दाखवणारा आकडा) का होतं, ते सांगता आलं पाहिजे. मग जाळी १६ प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या १६ प्रतींमध्ये, वाटायला लावतात. १००० × १००० ची जाळी पट्ट्यांत कापली तर मधल्या प्रोसेसला दर फेरीला २००० बिंदू शेजाऱ्यांना द्यावे लागतात, ४ × ४ तुकड्यांत कापली तर १०००.

बरेच जण अडकतात ते एमपीआयच्या (प्रोसेसमध्ये निरोपांची देवाणघेवाण करायची पद्धत) सेंडवर, म्हणजे निरोप पाठवण्याच्या आज्ञेवर. दोन्ही शेजारी आधी पाठवतात आणि मग घेतात. छोटा निरोप आतल्या बफरमध्ये मावतो, म्हणून लॅपटॉपवर कोड सुरळीत चालतो. जाळी मोठी झाली की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. पाठवणं-घेणं एकत्र करणारी सेंडरिसीव्ह वापरा, किंवा न थांबता पुढे जाणाऱ्या आयसेंड-आयरिसीव्ह लावून शेवटी वेट.

स्वतःचा स्पीडअपचा (कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले गणक, वाढवले की वेग किती पट होतो त्याचा) आलेख न्याच, पण तो कसा मोजला हेही लक्षात ठेवा. एका कोअरवरची वेळ काढताना ओपनब्लास या मॅट्रिक्सची गणितं करणाऱ्या लायब्ररीने गुपचूप सगळे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वापरले असतील तर आलेख खोटा ठरतो. थ्रेडची संख्या १ ला बांधून मोजा. कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच होत असेल तर १६ कोअरवर वेग जेमतेम ९ पट, आणि कोअर कितीही वाढवले तरी २० पटीच्या आतच. कोणी १६ कोअरवर १६ पट दाखवला, तर पॅनेल आधी भुवया उंचावतं. कॅशमुळे (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) तसं होऊ शकतं, पण मग ते सिद्ध करायची तयारी हवी.

जेआरएफला (प्रोजेक्टवरचा कनिष्ठ संशोधक) २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता आहे. पण आधी विचारा, प्रोजेक्टची मुदत किती उरली? तीन वर्षांच्या प्रोजेक्टला शेवटचे आठ महिने राहिले असतील तर पुण्यात खोलीचं डिपॉझिट भरण्यापूर्वी दोनदा विचार करा.

मुलाखत शुक्रवारी असेल तर चारच्या आत परतीची गाडी धरा. संध्याकाळी कात्रजपासूनच गर्दी सुरू होते आणि खंबाटकीच्या चढावर गाड्या गोगलगायीसारख्या सरकतात.