आमची वाटचाल : थ्रेडिंगच्या खुर्चीपासून चार इंची पाइपापर्यंत

डोंबिवलीकराला वासाचं कौतुक कुणी सांगू नये. 2014 च्या जानेवारीत आमच्या एमआयडीसीच्या बाजूला हिरवा पाऊस पडला, 2020 साली रस्ता गुलाबी झाला. आम्ही खिडक्या लावून घेतो आणि कुकर चढवतो. त्या हिरव्या पावसाच्याच वर्षी मी मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत दहा बाय अठराचा गाळा भाड्याने घेतला. थ्रेडिंगची एक खुर्ची, फेशियलचा एक बेड आणि कोपऱ्यात नखांचं टेबल. निम्मे पैसे माझ्या भिशीचे, निम्मे धाकट्या जावेचे.

सासूबाईंचा एकच प्रश्न होता : एवढी नखं लावून बायका भांडी कशी घासणार? उत्तर लोकलने दिलं. लेडीज डब्यात कडी धरून उभ्या राहिलेल्या बाईचा हात सगळ्या डब्याला दिसतो. आमची एक बँकेतली कस्टमर सीएसएमटीला पोचेपर्यंत तिच्या हातावरून तीन जणींनी आमचा नंबर घेतलेला असायचा. मी जाहिरातीवर कधी रुपया घातला नाही.

खोटी नखं घडवायचा पहिला चांगला ब्रश जावेने आणला. कोलिन्स्की, म्हणजे प्राण्याच्या खऱ्या केसांचा, आठ नंबर. तेव्हा तो आमच्या आठवड्याच्या गल्ल्याएवढा महाग होता, आणि दोघींत मिळून एकच. तिचा हात माझ्यापेक्षा सुबक, हे मान्य करते. ब्रश लिक्विडमध्ये बुडवायचा, वाटीच्या काठावर एका बाजूने निथळायचा, पावडरला नुसता टेकवायचा, की टोकावर मणी धरतो. तिचा मणी मोत्यासारखा यायचा. ओला नाही, कोरडा नाही, क्युटिकलपाशी ठेवला की आपोआप बसायचा. माझा ओघळायचा. नव्या मुलींना सांगते, ब्रश ॲसिटोनमध्ये बुडवू नका, केस मरतात. मोनोमरमध्येच, म्हणजे त्या लिक्विडमध्येच धुवा आणि आडवा ठेवा. तो ब्रश माझ्याकडे अजून आहे, पण आता त्याला टोक उरलेलं नाही.

पुढची सात-आठ वर्षं लॉकडाउन सोडला तर बरी गेली.

2022 च्या गणपतीनंतर समोरच्या बिल्डिंगमध्ये गुलाबी दिव्यांचं दुकान उघडलं. बाहेर पाटी, ‘एक्स्टेन्शन फक्त 499’. माझा भाव तेव्हा 1,800 होता. टिप, प्रायमर, लिक्विड, पावडर, टॉप कोट आणि मुलीचे दोन तास धरले तर 499 त माझं सामानसुद्धा निघत नाही. मग तो कसा काढतो? आम्ही दुपारी रिकाम्या टेबलांवर बसून त्याच्या काचेकडे बघत हाच हिशेब करायचो. माझ्या हातून शिकून गेलेल्या दोन मुलीही त्याच्याकडे गेल्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, जेव्हा आमच्याकडे उभं राहायला जागा नसते, तेव्हा तीन अपॉइंटमेंट होत्या. डिसेंबरात जाऊ म्हणाली, ‘ताई, माझे पैसे मोकळे करा.’ घरातली गोष्ट आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. पण तो ब्रश तिने मागितला होता आणि मी दिला नाही.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मुंबईच्या घाऊक बाजारात मला नेहमीच्या पाचव्या हिश्शाने मोनोमर मिळालं. पांढरा कॅन, वर लेबल नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. ‘मॅडम, सगळे हेच नेतात,’ दुकानदार म्हणाला. मी पाटी बदलली, भाव 699 केला आणि टेबलं भरली. नखं दगडासारखी टणक यायची आणि कस्टमर खूश व्हायच्या. फक्त काढताना ॲसिटोनमध्ये चाळीस मिनिटं बुडवूनही हलायची नाहीत, मशीनने घासावी लागायची. चार वाजले की मुलींचं डोकं धरायचं. एकीच्या पापण्या सुजून खाज सुटायला लागली. मी तिला म्हटलं, रात्री मोबाइल कमी बघ.

आमच्या एक काकू आहेत. 2015 पासून दर तिसऱ्या सोमवारी येतात, कायम एकाच मेंदी रंगाची जेल पॉलिश लावतात. आयुष्यभर डेंटल लॅबमध्ये कवळ्या केल्या. त्या दिवसांतल्या एका सोमवारी दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘काय गं, कवळ्या कधीपासून करायला लागलीस?’

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी टेबलावरची वाटी उचलून हुंगली आणि खाली ठेवली. ‘एमएमए. मिथाइल मेथाक्रिलेट. माझा जन्म यात गेला, मला नको सांगूस.’ अमेरिकेत एफडीएने 1970 च्या दशकातच नखांच्या निव्वळ एमएमए लिक्विडवर कारवाई केली होती. चांगल्या मालात त्याऐवजी इथाइल मेथाक्रिलेट असतं. वास त्यालाही आहे, पण ते ॲसिटोनमध्ये सुटतं आणि थोडं वाकतं. एमएमए वाकत नाही. नख कशात अडकलं तर तुटायचं सोडून खालचं खरं नख घेऊन वर येतं. काकू पापणीवाल्या मुलीकडे बघून म्हणाल्या, ‘हिला ॲलर्जी बसली तर जन्माची बसेल. उद्या हिचा गुडघा बदलायची वेळ आली, तर हाडाला लावायचं सिमेंटही याच जातीचं असतं.’

मी वाद घातला. समोरचा वापरतो त्याचं काय, असंही म्हणाले. काकूंनी त्या दिवशी पॉलिश न लावताच पैसे ठेवले आणि गेल्या.

पंधरा दिवसांनी एका कस्टमरचं अनामिकेचं नख फ्रीजच्या दारात अडकलं आणि मुळापासून उचकटलं. तिचा नवरा भर शनिवारी दुकानात आला. बोट त्याने फोनवर दाखवलं आणि मला खुर्चीत बसावं लागलं. डॉक्टरचं बिल मी भरलं, आधीचे पैसे परत केले, तरी तिच्या सोसायटीतली एकही बाई पुन्हा आली नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. उरलेले दोन कॅन बाजारात परत नेले. दुकानदाराने कॅन ठेवून घेतले, पैसे दिले नाहीत.

त्यानंतर काकूंना फोन करायला मला आठवडा लागला. त्या आल्या त्या मोजपट्टी घेऊनच. मी दारावर एक्झॉस्ट फॅन बसवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. ‘तू वाफ वर ओढतेस, म्हणजे आधी हिच्या नाकाजवळून नेतेस,’ त्या म्हणाल्या. ॲसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड, एमएमएची साडेतीन पट. टेबलाशी साचते ती टेबलाशीच धरायची. टेबलावरचं जाळीचं डस्ट कलेक्टर घासलेली पूड धरतं, वाफ त्याच्या पिशवीतून आरपार जाते. सर्जिकल मास्कचंही तेच. काकूंची सून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. तिने कळवलं, की शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात नव्या नेल सलूनला 2016 पासून प्रत्येक टेबलापाशी हवा ओढून बाहेर टाकायची सोय सक्तीची आहे.

सुताराने टेबलाच्या फळीला भोक पाडून जाळी बसवली, खालून चार इंची पीव्हीसी पाइप काढला, मध्ये पंखा आणि तोंड मागच्या खिडकीबाहेर. तीन टेबलांना मिळून एक भिशी गेली. वाटीला झाकण, ॲसिटोनच्या कापसाला पायाने उघडणारा डबा, जेवण मागच्या खोलीतच. जेल कातडीला लागलं तर लॅम्पमध्ये हात घालण्याआधी पुसायचं, ही आमच्याकडे पहिल्या दिवसाची शिकवण आहे. जेलला वास कमी, म्हणून ती निरुपद्रवी समजू नका. पापण्या तिच्यानेही सुजतात.

पाइप बसला आणि आमच्या सेक्रेटरींचं पत्र आलं : मागच्या पॅसेजमध्ये रासायनिक वास येतो. डोंबिवलीत! त्यांच्या खिडकीतून एमआयडीसीच्या चिमण्या दिसतात, त्यांना आजवर एक पत्र गेलेलं नाही. शेवटी पाइप गच्चीपर्यंत चढवून दिला, तोही माझ्याच खर्चाने.

भाव आता 2,100 आहे. येणारी विचारते, समोर कमी होतं, तुमच्याकडे एवढं का? पाइप दाखवला तर म्हणते, त्यापेक्षा एसी वाढवा. 2025 च्या सप्टेंबरात युरोपीय संघाने जेलमधल्या टीपीओवर, म्हणजे लॅम्पखाली जेल घट्ट करणाऱ्या रसायनावर, बंदी घातली, तेव्हा त्याच बायका मोबाइल पुढे करून मला जाब विचारत होत्या. मी बाटल्या उलट्या करून लेबलं दाखवली. दोन रंगांत निघालं, ते काढून टाकले.

समोर आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. माझ्याकडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, तेव्हा तिच्या बोटांची टोकं सोललेली होती. तिला जेलला हात लावता येत नाही. ती फोन आणि वही सांभाळते आणि कस्टमरशी भाव माझ्यापेक्षा चांगला बोलते.

काकू अजून दर तिसऱ्या सोमवारी येतात. बसण्याआधी वाटीचं झाकण उघडून हुंगतात, सगळ्या कस्टमरसमोर. मला राग येतो. मी काही बोलत नाही.