गोमुखाचं पाणी नंदवाळला

पंढरपूर दर वर्षी जमत नाही. मग आम्ही कोल्हापूरकर आषाढीला नंदवाळला चालत जातो. प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडी निघते, गंगावेस, रंकाळा करत पुईखडीला पोचते, तिथं रिंगण, आणि मग नंदवाळ. एका दिवसाची वारी. फाउंड्रीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला, जी वारी एका रजेत बसते, तिचं मोल वेगळं सांगायला नको.

२०२५च्या आषाढीला माझ्या पिशवीत केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बाटली होती. मुळात खोकल्याच्या औषधाची. आत गोमुखाचं पाणी, म्हणजे गंगोत्रीच्या हिमनदीच्या तोंडातून गंगा बाहेर पडते तिथलं. मे महिन्याच्या शेवटी आम्ही सहा जण तिकडं जाऊन आलो होतो. महिनाभर ती देवघरात राहिली तेव्हा वरचं पाणी नितळलं आणि तळाला राखाडी थर बसला. बायको म्हणाली, "घाण हाय ती, फडक्यातनं गाळून घ्या." मी हात लावू दिला नाही. ती घाण नव्हे. हिमनदी डोंगरावरून सरकताना बुडाशी अडकलेले दगड खडकावर घासत नेते, जात्यात दळल्यासारखं खडकाचं पीठ पडतं. ते पीठ होतं ते.

विठ्ठलाच्या पायावर ते पाणी घालायचं, एवढाच माझा बेत.

सकाळपासून भुरभुर होती. टाळ ओले, पताका काठीला चिकटलेल्या, पखवाजवाल्यानं पखवाजावर प्लास्टिक टाकलेलं. गंगावेशीच्या पुढं एक मावशी बरोबर आल्या. डोक्यावर तुळस, पाय अनवाणी, आणि चाल अशी की मला दोनदा पळत जाऊन गाठावं लागलं.

"काय हाय ओ त्या टॉवेलात? लेकरागत धरलंयसा."

सांगितलं.

"गोमुख म्हंजे? गाईच्या तोंडातनं पाणी येतंय व्हय?"

मग रंकाळ्याच्या कडेनं जाताना मी त्यांना ती दुसरी वाट सांगितली. गंगोत्रीपासून गोमुख अठरा किलोमीटर, चालतच. दिवसाला दीडशेच माणसांना परवाना. आधी चीडबासा, मग भोजबासा. भोजबासा म्हणजे भोजपत्रांच्या झाडांची जागा, पण झाडं बघायला गेलात तर आता मोजकीच. यात्रेकरूंच्या चुलींत गेली बरीचशी. हर्षवंती बिष्ट नावाच्या गिर्यारोहक बाईंनी तिथं पुन्हा भोजपत्रं लावायचं काम केलं. चार हजार मीटरच्या आसपास उंची, झाड वाढणार तरी किती वेगानं!

तिथं पोचल्यावर आमच्यातला एक जण पहिलं वाक्य काय बोलला असेल? "आयला, ही तर खडीची खाण!" खोटं नव्हतं. कॅलेंडरवरच्या चित्रासारखा पांढराशुभ्र बर्फ डोळ्यांपुढं धरून आम्ही गेलो होतो. समोर होता करडा-काळा ढिगारा, दगडमातीनं माखलेला. हिमनदी वरून दगड वाहून आणते आणि तोंडाशी टाकते, तिचं अंग त्याखाली झाकलेलं असतं. पण नीट बघितलं तर भेगांमध्ये निळं दिसत होतं. वर्षानुवर्षं बर्फावर बर्फ पडतो, खालच्यातली हवा दाबानं निघून जाते, तो काचेसारखा घट्ट होतो आणि मग उजेडातला लाल भाग गिळून निळा तेवढा परत देतो. त्या निळ्याकडं बघून मी चप्पल काढायला वाकलो. वाटाड्यानं दंड धरून मागं ओढलं. तोंडावरून बर्फाचे चिरे कधीही सुटतात, जवळ जायचं नसतं.

मावशी म्हणाल्या, "देवानं दर्शन दिलं खरं जवळ येऊ दिलं न्हाई." (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाहेरगावच्यांचा गोंधळ होतो.)

मला तिथली एक गोष्ट फार लागली. सकाळी ज्या ओढ्यावरून उड्या मारत गेलो, तोच येताना दुपारी गुडघ्याला लागला. आभाळात ढग नव्हता. पाऊस न पडता नदी चढलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. आपली पंचगंगा पावसाची. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं हे विचारत आपण पावसाळा काढतो, त्रेचाळीस फूट म्हटलं की पोटात गोळा येतो. तिथं ऊन चढलं की नदी चढते.

पुईखडीला रिंगणाची गर्दी. अश्व सुटला, फिरला, माती डोक्याला लावायला माणसं धावली, मीही. माझ्या टॉवेलातल्या बाटलीला दोन धक्के बसले. मग माळावर बसून केळी सोलताना मावशींनी विचारलं, "गंगा आटती म्हंत्यात, ते खरं का?"

पुईखडीवर हा प्रश्न यावा याचं मला हसू आलं. शहराचं जलशुद्धीकरण केंद्र तिथंच. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन तिथंच येते. किती वर्षं वाट बघून २०२३च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. म्हणून मी धरणाच्याच भाषेत सांगितलं. शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला घेतलं ते पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत राखायला. हिमालयात तेच काम बर्फ करतो. गंगोत्रीची हिमनदी तीसेक किलोमीटर लांब, म्हणजे इथून इचलकरंजीपर्यंत नुसता बर्फ. गंगेला खाली मैदानात पाणी मुख्यतः पावसाचंच, त्यामुळं ती उद्या कोरडी पडेल असं नाही. पण वर डोंगरात, पावसाआधीच्या उन्हाळ्यात, भार या बर्फावर असतो. सिंधूचा तर खालपर्यंत.

"मग राधानगरीगत दर साली भरत आसंल की."

इथंच तर गोम आहे. हिवाळ्यात जेवढा बर्फ पडतो त्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त वितळायला लागला. १९३५ला भूवैज्ञानिकांनी या हिमनदीचा नकाशा केला, तेव्हापासून तोंड दीडेक किलोमीटर मागं सरकलंय. मिरजकर तिकटीवरून निघून गंगावेशीच्या पुढं जाल एवढं. सगळ्या हिंदुकुश-हिमालय पट्ट्याचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसिमोड या संस्थेनं २०२३मध्ये सांगितलं की, २०११ ते २०२० या दहा वर्षांत तिथला बर्फ आधीच्या दहा वर्षांपेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं गेला.

यावर माझं फाउंड्रीवाल्याचं मत. फर्नेसमध्ये स्क्रॅपचे तुकडे शिल्लक असतात तोवर तापमान रेंगाळतं, सगळी उष्णता वितळवण्यातच जाते. शेवटचा तुकडा विरघळला की लोखंडाचा रस भराभर तापायला लागतो, नवीन पोरांना आम्ही तेव्हाच हाक मारून सावध करतो. बर्फाचंही तसंच आहे. तो आहे तोवर कितीतरी ऊब निमूट गिळतो. आणि एक फरक आहे, तो मला झोपू देत नाही. कास्टिंग फसलं तर तुकडे करून परत फर्नेसमध्ये टाकता येतं. आमची कितीतरी फसलीत. देवळाचासुद्धा जीर्णोद्धार होतो. हिमनदीचा करणार कसा? आइसलँडमध्ये ओक नावाची एक हिमनदी होती, २०१४ला ती हिमनदी राहिली नाही असं जाहीर केलं, आणि २०१९ला लोक डोंगर चढून गेले आणि तिच्या नावाची पाटी लावून आले. माणूस गेल्यावर लावतात तशी.

मावशी केळ्याची साल हातात धरून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि आपून काय करायचं?"

मी मोठं काही बोललो नाही, कारण गंगोत्रीतली आमचीच एक गोष्ट आठवली. थंडी वाजते म्हणून आम्ही ड्रायव्हरला गाडीचं इंजिन चालू ठेवायला सांगितलं होतं. अर्धा तास डिझेलचा काळा धूर. काजळी बर्फावर बसली की तो ऊन जास्त ओढतो. काळ्या तव्याला आणि स्टीलच्या ताटाला उन्हात हात लावून बघा. उत्तराखंडातल्या जंगलांचे वणवे, चुली, ट्रक, सगळ्यांची काजळी वर जाते. त्यात आमची अर्ध्या तासाची. गोमुख ते उत्तरकाशी हा शंभर किलोमीटरचा पट्टा २०१२मध्ये केंद्रानं पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, दीडशे माणसांचा नियम आहे, २०२५ हे साल संयुक्त राष्ट्रांनी हिमनद्यांसाठी दिलं. सगळं मला परत आल्यावर कळलं. जाताना आम्ही फक्त स्वेटर किती घ्यायचे याची चर्चा केली होती. मावशींना मी ते इंजिनाचं तेवढं सांगितलं. त्यांनी साल पिशवीत टाकली आणि तुळस डोक्यावर घेतली.

नंदवाळला रांग गावाबाहेरपर्यंत. कळसाला हात जोडून एका आंब्याखाली थांबलो आणि टॉवेल सोडला. बाटली पूर्ण गढूळ झाली होती. महिनाभर बसलेलं पीठ चालण्यानं, रिंगणातल्या धक्क्यांनी सगळं वर आलं होतं. गोमुखाला जसं वाहत होतं अगदी तसं, राखाडी.

"असलं घालनार इठ्ठलाला?" मावशी म्हणाल्या.

"मूळचं असंच असतंय."

त्यांनी बाटली उजेडाकडं धरली, हलवली, पुन्हा बघितली. आमच्यापुढं दोनशे तरी माणसं होती. त्यांनी तुळस खाली ठेवली, बाटली तिच्या शेजारी उभी केली आणि वाकून बघत बसल्या, ते पीठ खाली बसायला किती वेळ लागतो ते.