आवडती कादंबरी 'झोंबी'च का?

माझी आवडती कादंबरी कोणती, असे मला अनेकदा विचारले जाते आणि 'झोंबी' म्हटले की विचारणारा क्षणभर थबकतो. कोल्हापूरच्या वाचकाने वि. स. खांडेकरांची 'ययाति' किंवा आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' सांगावी, अशी त्याची अपेक्षा असते. दोन्ही मी आदराने वाचल्या आहेत. पण तुम्ही 'झोंबीच का?' असे विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आनंद यादव कागलचे, म्हणजे इथून वीसेक किलोमीटरांवरचे. त्यांची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ साली आली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. करवीर नगर वाचन मंदिरातून मी ती प्रथम घरी आणली तेव्हा अकरावीत होते. गुऱ्हाळाचा मजकूर आला आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आनंदाच्या वडिलांना, तो त्यांना दादा म्हणतो, गावात सर्वांच्या आधी गुऱ्हाळ लावण्याची घाई असते. बाजारात गूळ कमी असताना भाव चांगला मिळतो, हा त्यांचा हिशेब. ऊस आणखी काही दिवस उभा ठेवला तर गूळ जास्त पडेल, हे पोराला कळते. पण त्याला विचारतो कोण? आमचे आजोबाही अशीच घाई करीत. थंडी खाल्लेल्या उसाचा उतारा चांगला पडतो हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, परंतु अडत दुकानाची उचल डोक्यावर असलेल्या माणसाला थंडीची वाट पाहणे परवडत नसे. मग गूळ शिजवायच्या चुलवाणात चिपाडे सारायला घरचीच मुले लागत आणि शाळा बुडे. ही गोष्ट आमच्या घरी कुणी कधी दुःख म्हणून सांगितली नव्हती. ती दुःखाची गोष्ट होती, हे मला 'झोंबी'ने सांगितले.

यादवांनी दादांवर पांघरूण घातलेले नाही. स्वतःला गावभर मोकळे फिरता यावे म्हणून हा बाप पोराला शेतात जुंपतो. अखेर आई आणि आनंदा रात्री गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसाईंच्या वाड्यावर जाऊन गाऱ्हाणे घालतात, दत्ताजीराव दादांना बोलावून खडसावतात आणि दादा शाळेला कबूल होतात, पण अटी घालून: सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचे, दप्तर तिथेच आणून परस्पर शाळेत जायचे, शाळा सुटल्यावर तासभर ढोरे चारायची आणि रानात काम जास्त असेल त्या दिवशी शाळेला खाडा करायचा. मुलाच्या दिवसाचा एवढा काटेकोर हिशेब मांडणारे लेखन मी त्याआधी वाचले नव्हते.

पुढे मराठीचे सौंदलगेकर मास्तर येतात. ते कविता गाऊन, अभिनय करून शिकवीत आणि स्वतःही कविता करीत. त्यांनी आपल्या दारातल्या मालतीच्या वेलावर केलेली कविता आनंदा वाचतो, तो वेलही त्याने पाहिलेला असतो, आणि कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो हे त्याच्या ध्यानात येते. मग पिकाला पाणी पाजताना जो एकटेपणा त्याला खायला उठे, तोच त्याला हवासा वाटू लागतो, कारण एकटे असले की मोठ्याने गाता येते, नाचताही येते. कागद-पेन्सिल जवळ नसली तर तो काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो आणि पाठ झाल्या की पुसून टाकतो. कविता कशी सुचते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र या म्हशीच्या पाठीइतके काहीच पटलेले नाही.

काही वर्षांपूर्वी मी ही कादंबरी माझ्या आत्याला वाचून दाखवली. तिची शाळा तिसरीत सुटली, ती चुलवाणापायीच. आम्ही आलो होतो हे दादांना कळू देऊ नका, असे आई दत्ताजीरावांना विनवते, तिथे आत्याने मला थांबवले. "शानी बाई," ती म्हणाली, "असं आडून बोलल्याबिगर गडी मानूस ऐकतोय व्हय?" मग थोड्या वेळाने तिने विचारले, "कितवीत बसवला त्याला?"

"पुन्हा पाचवीतच. बरोबरीची मुलं पुढं गेली होती. लहान पोरांत बसला, त्यांनी चिडवलंही."

"चिडवंनात," आत्या म्हणाली. "मी बसले असते की. वाच म्होरं."