लोड: मोटरीचा, बिलाचा आणि ट्रॉलीचा

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसच्या शिवारात ‘लोड’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. मोटर लोड घेते, ट्रॉलीला लोड जास्त झालाय, घरचा लोड वाढवून घ्यायचाय. मोबाइलवर व्हिडिओ लोड होत नाही, आणि त्यावरून चिडणाऱ्याला मित्र सांगतो, लोड घेऊ नको. (बैठकीतला लोड-तक्क्या वेगळा, तो आपला जुनाच.) बोलताना कुणाचं अडत नाही. मोटर जळाल्यावर मात्र कळतं की वायरमन एक लोड सांगत होता आणि मालक दुसराच ऐकत होता.

मोटरीचा लोड म्हणजे ती ओढत असलेले अँपिअर. थ्री फेजला एका एचपीला साधारण दीड अँपिअर धरतात, म्हणजे ५ एचपीला साडेसातच्या आसपास. नेमका आकडा मोटरीवरच्या पट्टीवर कोरलेला असतो, तोच खरा. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून अँपिअर दाखवणारा) लावून तिन्ही फेज वेगवेगळे मोजा. दोन फेज चढलेले आणि एक शून्यावर, असं दिसलं तर तो पंपाचा दोष नाही, फेज गेलाय. उरलेल्या दोन फेजवर करंट पावणेदोन पटीच्या घरात जातो आणि वायंडिंग काळं पडतं.

बोअरचं पाणी खाली गेलं की लोड वाढतो, असं सर्रास म्हणतात. होतं नेमकं उलट. नेहमीचा सेंट्रिफ्युगल पंप जितकं जास्त पाणी फेकतो तितके जास्त अँपिअर घेतो. डिलिव्हरीचा पाइप पंपाजवळच निसटला की पाणी धो-धो पडतं आणि अँपिअर चढतात. गेट व्हॉल्व्ह आवळला की उतरतात. म्हणून नदीकाठच्या मोनोब्लॉकला (मोटर आणि पंप एकाच अंगात असलेल्याला) व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून स्टार्ट द्यायचा आणि मग हळूहळू उघडायचा. विहिरीचं पाणी संपून पंप कोरडा फिरायला लागला की अँपिअर एकदम कमी होतात. त्यामुळे ओव्हरलोड रिले (अँपिअर जास्त झाले की मोटर बंद करणारा) गप्प बसतो आणि पंपाचं सील, बुश घासून जातात. त्यासाठी ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळाच बसवावा लागतो.

अँपिअर चढायचं दुसरं कारण व्होल्टेज. लाइट आल्या आल्या ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, डीपीचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडतो, नाहीतर लाइनच्या टोकाला ४१५ चे ३५० व्होल्ट उरतात. काम तेवढंच, व्होल्टेज कमी, मग साडेसातचे नऊ अँपिअर होतात. अशा वेळी रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा स्क्रू पुढे सरकवून ठेवणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि रिवाइंडिंगवाल्याचं गिऱ्हाईक तिथूनच तयार होतं. रिले पट्टीवरच्या अँपिअरलाच लावायचा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी कमी करंटवर उठवून मग पूर्ण जोडणीवर आणणाऱ्या) तो वायंडिंगच्या फेजमध्ये जोडलेला असेल तर त्या आकड्याच्या ५८ टक्क्यांना: पट्टीवर १५ असतील तर रिले ८.७ वर.

घरच्या बिलावरचा लोड, म्हणजे ‘मंजूर भार’, किलोवॅटमध्ये असतो. तो तुम्ही वापरलेली वीज सांगत नाही, एका वेळी किती ओढायची परवानगी आहे ते सांगतो. २ किलोवॅटचा गिझर एकटाच पावणेनऊ अँपिअर घेतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवला की मंजूर भार कितीही असो, सॉकेट वितळणारच. गिझरला १६ अँपिअरचा सॉकेट आणि मेन बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर लागते.

गाडीचा लोड टनात. तिथंही ट्रकवाला ‘पासिंग’ (कायद्याने चालणारं वजन) सांगतो तेव्हा ते गाडीसकट आहे की नुसत्या मालाचं, हे विचारून घ्यावं. सहा चाकी ट्रकला २०१८ पासून १८.५ टन चालतात, पण ते गाडीच्या वजनासकट. उसाच्या ट्रॉलीत तर किती भरलं याइतकंच कुठं भरलं हेही बघावं लागतं. मोळ्या पुढच्या अंगाला जास्त रचल्या की सगळा भार हुकवर येतो, चढाला ट्रॅक्टर तोंड उचलतो आणि स्टिअरिंग लागत नाही. मागे जास्त झाल्या की ट्रॉली हुक वर ओढते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरतात. थोडा भार हुकवर राहील इतपत पुढे, बाकी सगळा ट्रॉलीच्या चाकांवर, अशी रचाई हवी.