स्प्रिंगच्या एअर रायफलवर नवा स्कोप: आधी स्क्रू, मग नेम

स्प्रिंगच्या ४.५ मिमी एअर रायफलवर नवा स्कोप (नेमासाठीची दुर्बीण) चढवला, नेम जुळवला, आणि दोन दिवसांनी तीच रायफल दोन बोटं डावीकडे मारू लागली, तर लगेच स्कोपला दोष देऊ नका. काच बिघडण्याच्या कितीतरी आधी स्क्रू ढिला होतो, माउंट (स्कोप रायफलीला पकडून ठेवणारा भाग) मागे सरकतो किंवा रायफल धरण्याची पद्धत बदलते. झिरो करण्याचं, म्हणजे छर्रा नेमाच्या ठिकाणीच पडेल असा स्कोप जुळवण्याचं, निम्म्याहून अधिक काम पहिला छर्रा भरण्याआधी, टेबलावरच होतं.

कायद्याचं आधी सांगतो. ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला आर्म्स रूल्स २०१६ नुसार परवाना लागत नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ या रायफलीलाही लागू आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक तर सोडाच, शेतातला तितर किंवा लाव्हाही नेमासाठी नाही. इथे लिहिलेलं सगळं कागदी टार्गेटसाठी आहे.

स्कोप घेताना एकच गोष्ट पक्की करून घ्या: तो स्प्रिंग एअरगनसाठी बनवलेला हवा. पावडरच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेला, मागे येतो. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे जाते, आणि तो दाबलेल्या हवेवर आदळून थांबला की रायफल पुढे फेकली जाते. हा उलटा झटका साध्या स्कोपच्या आतल्या भिंगांना सोसत नाही. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) फिरतो किंवा तुटतो. दुसरं, पुढच्या भिंगाचं फोकस १० मीटरपर्यंत जुळणारं हवं. १०० यार्डांना पॅरॅलॅक्स बांधलेल्या, म्हणजे त्याच अंतरासाठी पक्क्या केलेल्या, स्कोपमधून १० मीटरवर पाहिलं तर डोळा जरासा हलला तरी क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो, आणि ग्रुप, म्हणजे एकापाठोपाठ मारलेल्या छर्‍यांच्या भोकांचा पुंजका, विनाकारण पसरतो.

आता माउंट. रायफलीवरच्या रेलच्या ११ मिमी खाचा आणि माउंटचे जबडे स्पिरिटने पुसून तेल पूर्ण काढा. स्कोपची नळी पकडणाऱ्या दोन सुट्या रिंगांपेक्षा अखंड माउंट चांगला, कारण त्याची पकड लांब असते. त्याला स्टॉप पिन (माउंटला मागे सरकू न देणारी खुंटी) असेल तर ती रायफलीवरच्या भोकात नीट बसली पाहिजे. हा मुद्दा वरवर घेऊ नका: पिन नसेल तर माउंट दर झटक्याला केसभर मागे सरकतो. सरकतोय का ते पाहायला माउंटच्या मागे रेलवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा.

स्कोपची नळी रिंगांत सैल ठेवून डोळा आणि स्कोपमधलं अंतर जुळवा. सर्वात जास्त झूमवर, गाल दस्त्यावर सहज टेकला असताना, काळी कडा न दिसता पूर्ण गोल दिसला पाहिजे. बहुतेक स्कोपना ते ७५ ते ९० मिमीच्या आसपास येतं. क्रॉसहेअर उभा करायला गवंड्याचा ओळंबा घ्या. दहा मीटरवर भिंतीला लटकवा, रायफल पाणसळीने सरळ ठेवा आणि उभी रेघ दोरीवर आणा. क्रॉसहेअर कलला असेल तर एका अंतरावर झिरो होतं, अंतर बदललं की छर्रा बाजूला जातो. मग रिंगचे स्क्रू आळीपाळीने, तिरप्या क्रमाने, पाव-पाव फेरा घट्ट करा. १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. छोट्या ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत आणि आखूड बाजू दोन बोटांत धरून जेवढा जोर लागतो तेवढाच लावा. त्यापुढे गेलात तर स्कोपची नळी चेपते. बेसच्या (रेलला पकडणाऱ्या) स्क्रूंना थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब चालतो, रिंगच्या स्क्रूंना नको. हे करतानाच दस्त्याचे पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचा स्क्रूही तपासा. नेम भटकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तिथेच असतं.

नवीन रायफलीच्या पहिल्या शंभर-दोनशे छर्‍यांत सिलिंडरमधलं जास्तीचं तेल जळतं. धूर येतो, आवाज मोठा होतो, वेग दर वेळी वेगळा. तोवर झिरो करायला बसू नका. रायफल उन्हात ठेवूनही आतलं वंगण पातळ होतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत आटोपा. दुपारी वाराही सुटतो.

जागा शेतातली, मागे काळ्या मातीचा उंच बांध असलेली आणि रस्त्याकडे पाठ केलेली हवी. गच्चीवरून नको, पलीकडची घरं खेटून असतात. छर्रे अडवायला लाकडी खोक्यात मागे ३ मिमी लोखंडी पत्रा आणि त्याच्या पुढे गच्च दाबलेल्या चिंध्या. यंत्रमागाच्या आणि टॉवेलच्या कात्रणांना आपल्याकडे तोटा नाही. डोळ्यांवर चष्मा घालाच. छर्रा भरताना दुमडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा. रिकामी रायफल कधीच झाडू नका, पिस्टन आणि सील खराब होतं. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुवा.

टेकायला जुन्या जीन्सच्या पायात पाऊण भरलेली ज्वारी उत्तम. गच्च भरली तर ती दगडासारखी होते. मात्र रायफल थेट पिशवीवर ठेवू नका. पिशवीवर घडी केलेली सोलापुरी चादर, चादरीवर उघडा तळहात आणि तळहातावर रायफल, अशी मांडणी करा. मूठ आवळायची नाही. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच हलू लागते, म्हणून तिला दर वेळी सारखंच हलू द्यायचं. घट्ट धराल तर ग्रुप फुटतो, आणि लोक तेव्हा टरेट (स्कोपवरची नेम जुळवायची, क्लिक-क्लिक फिरणारी बटणं) फिरवत बसतात.

टरेट मध्यावर आणा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, निम्मे मागे या. पहिला ग्रुप १० मीटरवर, मोठ्या पुठ्ठ्यावर, ३ छर्रे. एकेका छर्‍याच्या मागे धावू नका. ग्रुपचं केंद्र पाहा. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) क्लिकला छर्रा १०० मीटरवर ७.३ मिमी सरकतो, २५ मीटरवर १.८ मिमी आणि १० मीटरवर फक्त ०.७३ मिमी. म्हणजे १० मीटरवर ग्रुप २२ मिमी खाली असेल तर तब्बल ३० क्लिक वर. टरेटवरचा बाण छर्रा कुठे सरकणार ते दाखवतो. क्लिक दिल्यावर दोन-तीन छर्रे सोडून द्या, आतलं यंत्र बसू द्या. मग २५ मीटरवर ५ छर्‍यांचे ग्रुप घेऊन अखेरची जुळणी करा.

वरचा टरेट जवळजवळ संपत आला तरी छर्रा खालीच पडतो, हे दुमडणाऱ्या नळीच्या रायफलीत वारंवार दिसतं. नळीचं टोक किंचित झुकलेलं असतं. अशा वेळी टरेट टोकाला नेला तर आतली स्प्रिंग ढिली पडते आणि झिरो टिकत नाही. उपाय म्हणजे मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात कोल्ड्रिंकच्या डब्याच्या ॲल्युमिनियमची पट्टी. ती साधारण ०.१ मिमी जाड असते. रिंगांमधलं अंतर १०० मिमी असेल तर एवढ्याने छर्रा २५ मीटरवर २५ मिमी वर येतो. तीन पट्ट्यांपुढे जाऊ नका, स्कोपच्या नळीवर ताण येतो. मग कोन बदलता येणारा माउंट घ्या.

२५ मीटरला झिरो केलेली, साधारण २५० मीटर प्रति सेकंद वेगाची रायफल १० मीटरवर सेंटीमीटरभर खाली मारते. स्कोप नळीच्या ४० मिमी वर बसलेला असतो, म्हणून असं होतं; त्यात काही बिघडलेलं नाही. आडवा वारा ताशी १० किलोमीटर असला तरी २५ मीटरवर छर्रा सेंटीमीटरभराहून अधिक वाहून जातो. पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात जुळवलेला झिरो म्हणूनच खोटा ठरतो. छर्‍याचा ब्रँड किंवा वजन बदललं तर झिरो नव्याने तपासायचा. डबा संपण्याआधी त्याच जातीचा दुसरा आणून ठेवा, आणि क्लिक, अंतर व छर्‍याचं वजन त्याच डब्याच्या झाकणावर लिहा.