तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी मंडळी सावरायची की नवी उभी करायची?

"पाळकसाहेब, आहे ती मंडळी धड चालत नाही, मग नवी कशाला काढता?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारे बहुतेक वेळा त्याच चर्चमध्ये लहानाचे मोठे झालेले ज्येष्ठ सभासद असतात. बाकं एकेक करून रिकामी होताना त्यांनी पाहिली आहेत. त्यांची कळकळ खरी आहे. तरुण मुलं नेमकी उलट बाजूने येतात. "जुन्यांचा नाद सोडा ना. कमिट्या, रुसवेफुगवे, छपराची दुरुस्ती, यातच सगळा वेळ जातो. आपण नव्याने सुरू करू."

नव्या मेथडिस्ट मंडळ्या, म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लींनी सुरू केलेल्या ख्रिस्ती पंथाच्या स्थानिक मंडळ्या, उभ्या करणं आणि खचलेल्या सावरणं ही दोन्ही कामं मी करत आलो आहे, आणि माझं मत आता ठाम झालं आहे. ही दोन वेगळी कामं नाहीत. जी गोष्ट संपली की जुनी मंडळी खचते, तीच नसेल तर नवी मंडळी धरत नाही. ती गोष्ट म्हणजे दहा-बारा माणसांचा लहान गट, जिथे दर आठवड्याला एकमेकांच्या जिवाची विचारपूस होते. आपल्या परंपरेत त्याला क्लास म्हणतात. उपदेश, संगीत, इमारत, मुलांचे वर्ग हे सगळं मला प्रिय आहे, पण ते सगळं असूनही बंद पडलेल्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत.

न्यूयॉर्कचंच घ्या. १७६० मध्ये आयर्लंडहून काही मेथडिस्ट कुटुंबं तिथे जाऊन राहिली. त्यांच्यातला फिलिप एम्बरी हा सुतार आयर्लंडमध्ये उपदेश करायचा. नव्या देशात पोटामागे लागल्यावर तो गप्प झाला आणि बाकीचेही थंडावले. १७६६ मध्ये बार्बरा हेक या बाईने आपल्या माणसांना पत्त्यांच्या डावात रंगलेलं पाहिलं. तिने ते पत्ते गोळा करून आगीत टाकले आणि तडक एम्बरीच्या घरी गेली, असं सांगतात. तू उपदेश केला नाहीस तर आपण सगळे बुडू, असं तिने त्याला बजावलं. आपल्याकडे ना चर्च ना श्रोते, असं तो म्हणाला, तर श्रोतेही तिनेच जमवले. एम्बरीच्या घरात झालेल्या त्या पहिल्या उपासनेला इनमिन चार-पाच माणसं होती. त्यांत बार्बरा, तिचा नवरा, एक मजूर आणि बेटी नावाची आफ्रिकी वंशाची दासी. त्या काळी ही माणसं एका खोलीत, एका पातळीवर बसली हे मला फार मोलाचं वाटतं. १७६८ मध्ये या लोकांनी जॉन स्ट्रीटवर चर्च बांधलं. ती मंडळी आजही आहे.

आता मला सांगा, ती नवी मंडळी होती की थंडावलेल्यांचं पुनरुज्जीवन? मला दोन्ही दिसतं. आणि सुरुवात झाली ती एका बाईने दार ठोठावल्यामुळे. कॉन्फरन्सचा, म्हणजे चर्चच्या वरच्या सभेचा, ठराव, निधी, नेमणूक यांतलं काहीच तेव्हा हाताशी नव्हतं.

क्लास ही कल्पना मुळात कर्जातून निघाली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या मेथडिस्ट सभागृहाच्या बांधकामाचं देणं अंगावर होतं, आणि ते कसं फेडायचं यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ ला तिथले सभासद जमले. फॉय नावाचे एक कॅप्टन म्हणाले, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही झेपणार नाही. त्यावर कॅप्टन म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं तर ठीक, नाही जमलं तर त्यांची पेनी मी भरीन. तुम्हीही प्रत्येकी अकरा शेजाऱ्यांकडे दर आठवड्याला जा.

पेनी गोळा करायला माणसं घरोघरी जाऊ लागली, आणि आतापर्यंत कुणाला न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. कुणाचं बायकोशी भांडण चाललं होतं, कुणी दारूत बुडालेला होता. वेस्लींच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण कितीतरी दिवस शोधत होतो ते हेच. आत्म्यांची काळजी वाहायची तर कुणीतरी नेमाने दारात जायला हवं. पुढे घरोघरी फिरण्याऐवजी त्या बाराही जणांनी एकत्र बसायची पद्धत पडली आणि क्लास तयार झाला. कर्ज फिटलं की नाही यापेक्षा हे पुष्कळ मोठं निघालं.

याची दुसरी बाजू वेस्लींनी १७६३ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोकशर भागात पाहिली. तिथे वीस वर्षं जोरदार उपदेश झाला होता, पण लोकांना एकत्र बांधणारी सोसायटी नव्हती, शिस्त नव्हती, एकमेकांशी जोडणी नव्हती. एकदा जागे झालेल्या दहांपैकी नऊ जण पूर्वीपेक्षाही गाढ झोपले आहेत, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. जागे झालेल्यांना एकत्र आणून घडवायचं नसेल तर प्रेषितासारखा उपदेश करणं म्हणजे खुन्यासाठी, अर्थात सैतानासाठी, लेकरं जन्माला घालणं आहे, इतक्या कठोर शब्दांत त्यांनी लिहिलं. नवी मंडळी काढायला निघालेल्या प्रत्येक तरुणाला मी हा उतारा वाचून दाखवतो.

"पाळकसाहेबांची बदली झाली आणि मंडळी बसली." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित उच्चारलंही असेल. बदली ही तर मेथडिस्टांची जन्मापासूनची रीत. १७७१ मध्ये मेथडिस्ट उपदेशक फ्रान्सिस ॲस्बरी अमेरिकेत गेले आणि १८१६ मध्ये मरेपर्यंत, बहुतेक काळ घोड्यावरून, फिरत राहिले. त्यांचे उपदेशक एकेका मोठ्या सर्किटमध्ये, म्हणजे अनेक वस्त्यांच्या फेरीत, फिरत. एखाद्या वस्तीत पुन्हा पोचायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि थोड्याच काळात उपदेशक बदलतही असे. तरी मंडळ्या वाढल्या, कारण तिथला क्लास लीडर जागचा हलत नव्हता. आजारी कोण, चुकलेला कोण, कर्जात कोण, हे त्याला किंवा तिला माहीत असे. पाळक यायचा आणि जायचा, मेंढरं राखणारं माणूस तिथलंच असायचं.

एकोणिसाव्या शतकात उपदेशक एका जागी स्थिरावले, चर्चच्या इमारती मोठ्या झाल्या, आणि क्लास हळूहळू विरत गेले. १८६६ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या मेथडिस्ट चर्चने क्लासला हजर राहण्याची सक्तीही काढून टाकली. बदलीची पद्धत राहिली, ती पेलणारा क्लास लीडर गेला. सगळा भार एका पगारी माणसावर आला, आणि ते माणूस बदलीवर जाणारं. घाना आणि कोरियातल्या मेथडिस्टांनी क्लास आणि क्लास लीडर सोडले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणून खचलेल्या मंडळीत गेलो की मी आधी सभासदांचं रजिस्टर मागतो. हिशेबाची वही नंतर. एका मंडळीत सेक्रेटरींनी ते कपाटातून काढून दिलं. निम्म्याहून जास्त नावांपुढे पेन्सिलीने एकच शेरा होता: "येत नाहीत". बोट ठेवून मी विचारलं, "यांच्या घरी कोण गेलं होतं?" सेक्रेटरींनी खजिनदारांकडे पाहिलं, खजिनदारांनी महिला मंडळाच्या बाईंकडे. कुणीच गेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मी जाते." दुसऱ्याच दिवशी त्या एका घरी गेल्या. त्या घरातल्या माणसाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, तो कितीतरी महिने अंथरुणात होता आणि चर्चमधून एक माणूस फिरकलं नव्हतं. घरच्यांनी भांडण काढलं नाही, तक्रार केली नाही. त्यांनी नुसतं येणं थांबवलं.

त्याच मंडळीत पहिल्यांदा क्लास बसवला तेव्हा सगळे जुने, वर्षानुवर्षं शेजारी बसणारे. मी विचारलं, "तुमच्या जिवाचं कसं चाललं आहे?" बराच वेळ छपरावर बोलणं झालं. मग गळतीवर, मग मागच्या पाळकांवर. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. शेवटी मंडळीचा कारभार बघणारे एक म्हातारे स्टुअर्ड म्हणाले, "माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही. प्रार्थनेला बसलो की त्याचंच नाव येतं, आणि पुढे शब्द सुचत नाहीत." त्यांच्या शेजारच्या बाकावर जन्मभर बसलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. त्या रात्री छपराचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि पुढच्या आठवड्यात सगळे परत आले. मंडळी तिथून सावरायला लागली. नवीन माणसं पुष्कळ नंतर आली.

नव्या मंडळीबद्दल तरुणांना माझं एक सांगणं त्यांना पचत नाही: रविवारची उपासना सुरू करायची घाई करू नका. उपासना सुरू झाली की माईक, गायनमंडळ, खुर्च्या, जागेचं भाडं यांत सगळ्यांची ताकद जाते आणि माणसांकडे बघायला कुणी उरत नाही. आधी दोन-तीन क्लास घराघरांत नीट चालू द्या. त्यांतून लीडर तयार होऊ द्या. एका क्लासचे दोन झाले, की समजा की ही मंडळी पाळकाविना चार दिवस जगू शकेल. मुंबईतही मेथडिस्टांची सुरुवात अशीच झाली. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर १८७१ मध्ये तिथे आले, आणि घराघरांत जमणाऱ्या लहान गटांतून १८७२ मध्ये मंडळी स्थापन झाली. परदेशी मिशनच्या पैशावर न विसंबता स्थानिकांनीच ती पेलावी हा टेलर यांचा आग्रह होता. बाहेरून मदत घ्यायचीच तर ती दरवर्षी किती कमी होणार हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या.

आणि नव्या मंडळीसाठी माणसं द्यायची तर चांगली द्या. बायबलमधल्या अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना नव्या कामासाठी पाठवलं, म्हणजे तिच्याकडचे सगळ्यांत भरवशाचे दोघे. जुन्या मंडळ्या इथे कचरतात, मला ते समजतं. आधीच माणसं कमी, त्यांतले कर्ते दिले तर उरणार काय? पण ज्यांनी छातीवर दगड ठेवून दिले, त्या मंडळ्यांत मागे राहिलेल्यांनी जबाबदाऱ्या उचलल्या. वीस वर्षं मागच्या बाकावर बसलेली बाई क्लास चालवू लागली. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

अमेरिकेत २०१९ ते २०२३ या काळात युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून सात हजार सहाशेहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या, म्हणजे त्या चर्चच्या तिथल्या मंडळ्यांचा साधारण चौथा हिस्सा. समलैंगिकतेच्या प्रश्नावरचा तो वाद इथे उकरून काढायचा नाही. बाहेर पडायचं की नाही यावर मंडळ्यांत मतदान झालं, आणि माझं लक्ष त्या मतदानात मागे पडलेल्या लोकांकडे आहे. रविवारी उठून जायला चर्च नाही, अशी वेळ त्यांच्यातल्या अनेकांवर आली. काही जण दिवाणखान्यांत, भाड्याच्या खोल्यांत जमले आणि त्यांतून नव्या मंडळ्या झाल्या. बाहेर पडलेल्यांनीही नव्याने मांडणी केली. दोन्हीकडे एकमेकांच्या घरी जायची सवय असलेली माणसं कामाला आली.

काही मंडळ्या बंदच कराव्या लागतात, हेही सांगायला हवं. चार-पाच थकलेली माणसं केवळ इमारतीसाठी झिजत असतील, तर त्यांना मोकळं करणं हे पाळकाचं कर्तव्य आहे. पण ते सन्मानाने व्हावं. शेवटच्या उपासनेत प्रभुभोजन व्हावं, तिथे बाप्तिस्मा झालेल्यांना आवर्जून बोलवावं, रजिस्टर जपून ठेवलं जावं. उरलेल्या प्रत्येक सभासदाला हाताशी धरून दुसऱ्या मंडळीच्या क्लासमध्ये नेऊन बसवावं, नुसतं पत्र देऊन पाठवू नये. मालमत्ता बहुधा विश्वस्त म्हणून चर्चसंस्थेकडे जाते, ते ठीकच आहे. तिच्या पैशातून कुठलं नवं काम उभं राहावं हे मात्र त्या चार-पाच माणसांना दार बंद होण्याआधी विचारावं, आणि त्यांचं म्हणणं कॉन्फरन्सच्या कागदावर यावं, असा आग्रह मी दर वेळी धरतो.