उचल घ्यायच्या आधी आरोग्यमित्र गाठा

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरकडची गावं ऊसतोडीला निघतात. त्याआधीचा महिना माझ्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला पीक विम्याचं बघायचं. टोळीतली जोडी समोर आली की मी आपणहून विचारतो, "मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड काढलं का?" उत्तर ठरलेलं, "आल्यावर काढू की दादा, आत्ता कुठं आजारी पडायलोत?"

उसाच्या फडावर दुखणं निघालं की पैसा एकाच ठिकाणी मिळतो, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं. तो लगेच देतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती उचल, म्हणजे मजुरीवरची आगाऊ रक्कम, पुढच्या हंगामात नवरा-बायकोच्या अंगावर बसते.

त्यापेक्षा सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ती राज्यभर चालते. कारखाना सांगलीकडं असला तरी तिथल्या योजनेतल्या दवाखान्यात आपलं रेशनकार्ड चालतं. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, आणि कार्डाचा रंग आता आडवा येत नाही. आपल्या मराठवाड्यात तर पांढऱ्या कार्डाचा शेतकरी सातबाऱ्यावर योजनेत आधीपासूनच बसत होता. तरी "आमचं पांढरं हाय" म्हणून माघारी जाणारे अजून भेटतात.

मागच्या हंगामात एका ओळखीच्या पोराचा फोन आला. बापाच्या छातीत दुखायला लागलेलं, अँजिओप्लास्टी सांगितलेली. "दादा, डिपॉझिट मागायलेत. मुकादम द्यायला तयार हाय." म्हटलं, थांब. दवाखाना योजनेत आहे का? आहे. मग आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा दवाखान्यातला मदतनीस, कुठं बसतो ते विचार. काउंटरवरचा म्हणाला, योजनेचा बेड शिल्लक नाही. मी पोराला सांगितलं, तिथंच उभा राहून योजनेची हेल्पलाइन १५५३८८ लाव, मोठ्यानं बोल. फोन झाला आणि बेड निघाला! कसा निघाला ते त्यांनाच माहीत.

बापाचं नाव रेशनकार्डावर बाळू आणि आधारवर बालाजी होतं. पोळ्याच्या सुमारास आम्ही ते दुरुस्त करून घेतलं होतं म्हणून निभावलं. सुनांचं तर याहून अवघड असतं. नाव माहेरच्या कार्डावर, राहणं सासरी. तिकडून कमी केल्याचा दाखला आणायला माणूस पाठवावा लागतो, आणि तिच्यासाठी एक दिवस मोडायला घरात कुणी राजी नसतं. कोयत्यानं घासलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, तेव्हा मी चेहऱ्यावरून पडताळणी करून बघतो. जमतं बऱ्याचदा.

जीव टांगणीला असेल तर कागदासाठी थांबू नका. तातडीच्या वेळी योजनेची मंजुरी फोनवर घेता येते, कागद मागून चालतात. एरवी मात्र मंजुरी आल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणू नका.

आजार योजनेत बसतच नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. पैसे दवाखान्याच्या खात्यावर जातात, आपल्या हातात येत नाहीत. म्हणून बिल भरून झाल्यावर कुणी पावत्या घेऊन माझ्याकडं आलं की मला नाही म्हणावं लागतं. धर्मादाय दवाखान्यात गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत असतात, पण तिथंही दाखला दाखल होतानाच दाखवायचा.

दाखल्याचं काम असेल तर सकाळी या, दुपारनंतर सर्व्हर रडतो.